एफवाय बीएस्सीला तीन विषय कोणते घेऊ? आणि ओईचं (ओपन इलेक्टिव्हचं) काय करायचं असतं?

अपडाऊन_दौंड:
नमस्कार. पुणे विद्यापीठाच्या एका कॉलेजला एफवाय बीएस्सीला अ‍ॅडमिशन झालंय. बारावीला पीसीएमबी होतं, सीईटीचं काही जमलं नाही आणि तो विषय आता घरात बंद झालाय. तर फॉर्मवर तीन विषयांचा ग्रुप निवडायचा आहे, माझ्यासमोर आहेत फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, मॅथ्स-स्टॅट-फिजिक्स, मॅथ्स-स्टॅट-इलेक्ट्रॉनिक्स आणि केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी. वर ओई, एसईसी (कौशल्याचा विषय), एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञान परंपरा) ही सगळी अक्षरांची भेळ. काउंटरवर विचारलं तर म्हणाले सगळे जे घेतात ते घे. मामा म्हणतो केमिस्ट्री घे, कुरकुंभ एमआयडीसी दारात आहे. पप्पा म्हणतात काहीही घे पण एमपीएससी कर. मला स्वतःला मॅथ्स आवडतं पण त्याला पुढे स्कोप काय असं सगळे विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही 😐 होस्टेल नाहीये, दौंडवरून ट्रेनने रोज येणार. प्लीज कोणीतरी नीट सांगा, शनिवारपर्यंत फॉर्म लॉक करायचा आहे.

तिसरा_बेंच:
मी एसवायला आहे, याच नवीन पॅटर्नची. पहिली गोष्ट, तुझ्या ओळखीतल्या ज्या ताईदादांचं बीएस्सी आधी झालंय त्यांना ग्रुपचं विचारू नको, त्यांचा पॅटर्न वेगळा होता. आपल्याकडे संलग्न कॉलेजांत एनईपी (नवीन शैक्षणिक धोरण) २०२४-२५ पासून आलं, ऑटोनॉमस कॉलेजं एक वर्ष आधीपासून आहेत आणि त्यांची रचनाही जरा वेगळी असते, त्यामुळे ऑटोनॉमसवाल्या मैत्रिणीचा टाइमटेबल बघून घाबरू नको.
आता मुद्दा. पहिल्या वर्षी तिन्ही विषय सारखेच, प्रत्येकाला दोन क्रेडिट (तासांवरून मोजलेलं अभ्यासाचं माप) थिअरी नि दोन प्रॅक्टिकल. एसवायला जाताना त्यातला एक मेजर (मुख्य विषय) होतो, एक मायनर (दुय्यम), आणि तिसरा सुटतो. सुटतो म्हणजे वाया जात नाही, त्याचे क्रेडिट तुझ्या खात्यात राहतात, फक्त पुढे शिकायचा नाही. म्हणून आत्ता फक्त "आवडता विषय कुठला" एवढंच बघू नको, तिघांतले कुठलेही दोन उरले तरी चालतील का ते बघ. केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजीत मॅथ्सच नाही, मग मॅथ्सची आवड ठेवायची कुठे? तो ग्रुप तू आत्ताच खोडून टाक.

सायंकाळची_लोकल:
+१. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचार की टीवायपर्यंत मेजर म्हणून कोणकोणते विषय चालू आहेत. काही कॉलेजांत एफवायला पाच-सहा विषय दिसतात पण मेजरला मुलं कमी पडली की तो विषय उघडतच नाहीत. स्टॅट आणि इलेक्ट्रॉनिक्सचं हे हमखास होतं. गेल्या वर्षी त्या विषयात मेजरला किती जण होते, एवढं विचारलंस तरी खरं काय ते कळेल.

खडू_फळा:
मी शिकवतो, विषय सांगत नाही नाहीतर पक्षपात वाटेल. अपडाऊन आहे म्हणून तासांचा हिशोब मांडतो. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. म्हणजे एका विषयाचे आठवड्याला दोन तास लेक्चर नि चार तास प्रॅक्टिकल. तीन विषयांचे झाले अठरा. सेमिस्टरचे एकूण २२ क्रेडिट, त्यातले बारा इथे गेले, उरलेले दहा ओई, एसईसी, भाषा, आयकेएस वगैरेंचे, त्यांचे अजून दहाएक तास. बेरीज अठ्ठावीसच्या आसपास. कागदावर बरं दिसतं, पण प्रॅक्टिकलच्या बॅचेस दुपारी लागतात आणि गाडी तुमच्यासाठी थांबत नाही. मॅथ्सच्या प्रॅक्टिकलला लॅब लागत नाही, स्टॅटला बहुतेक कॉम्प्युटर नाहीतर कॅल्क्युलेटर पुरतो, त्यामुळे ती कुठल्याही स्लॉटला बसवता येतात. केमिस्ट्रीचं तसं नाही, तिथं बॅच ठरलेली, बॅच बुडाली की जर्नल अडकतं. बॅचेस पाडतात तेव्हा पहिल्याच आठवड्यात विभागात जाऊन सांगा की मी दौंडहून येते, सकाळची बॅच द्या. आधी सांगितलं तर बहुतेक देतात, सप्टेंबरात सांगून उपयोग नसतो.

क्यूसी_नाईटशिफ्ट:
मामा चुकीचं बोलत नाहीये हां. मी केमिस्ट्रीवाला, एमआयडीसीतच आहे. बीएस्सी केमिस्ट्रीवर क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासायला), प्रॉडक्शनला घेतात, लगेच पगार सुरू होतो, घरची गरज असेल तर ही छोटी गोष्ट नाही. पण बऱ्या जागेवर जायचं तर एमएस्सी ऑरगॅनिक नाहीतर अ‍ॅनालिटिकल लागतं, शिवाय शिफ्ट ड्युटी. आवड असेल तर ये, फक्त कंपन्या घराजवळ आहेत म्हणून येऊ नको. वास सुद्धा आवडावा लागतो 😄

तिसरा_बेंच:
@क्यूसी_नाईटशिफ्ट वासाचं खरंय 😂

अपडाऊन_दौंड:
बापरे एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. मग मॅथ्स-स्टॅट-फिजिक्स का मॅथ्स-स्टॅट-इलेक्ट्रॉनिक्स? आणि मॅथ्सला स्कोप काय हे कोणीतरी सांगा ना, पप्पांना सांगायचंय.

आकडेमोड_ताई:
पप्पांना हे सांग. एमपीएससीला कुठलीही पदवी चालते, राज्यसेवेची मुख्य आता वर्णनात्मक झालीये आणि वैकल्पिकच्या यादीत गणित, सांख्यिकी, रसायनशास्त्र तिन्ही आहेत, म्हणजे त्या बाजूने काहीच अडत नाही. एमसीएला (कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी) बारावीला किंवा पदवीला मॅथ्स असलेलं बरं, तुझं बारावीला आहेच. एमएस्सी स्टॅटला बऱ्याच ठिकाणी बीएस्सीला स्टॅटसोबत मॅथ्स बघतात, म्हणून ही जोडी एकत्र असलेली बरी. बीएडला पदवीचा विषय बघून मेथड (शिकवायचा विषय) मिळते आणि गणिताचे शिक्षक शाळांना लागतातच. बँका, विमा, डेटाची कामं हे वेगळंच. फक्त "मॅथ्स केलं की डेटा सायंटिस्ट" असं जे क्लासवाले सांगतात त्यावर जाऊ नको, त्यासाठी स्टॅट नीट यायला हवं आणि थोडं कोडिंग हाताला हवं, ते तू एसईसीत पायथॉन किंवा आर असेल तर तिथे घे.
तिसरा विषय मी फिजिक्स घेईन. इलेक्ट्रॉनिक्सही छान आहे पण वरच्या लोकलवाल्यांनी लिहिलंय तसं, मेजर उघडेल याची खात्री करून मगच.

खडू_फळा:
सहमत. आणि चौथ्या वर्षाची चिंता आत्ता नको. ४४ क्रेडिटनंतर सर्टिफिकेट, ८८ नंतर डिप्लोमा, १३२ ला तीन वर्षांची डिग्री, १७६ ला ऑनर्स. पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडायचं तर वर चार क्रेडिटचं काम करावं लागतं. रिसर्चसह ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के मागतात, म्हणून एफवायचे मार्क "पास झालं की झालं" म्हणून सोडू नका एवढंच.

अपडाऊन_दौंड:
ओके मॅथ्स-स्टॅट-फिजिक्स, उद्या मेजरचं विचारून येते. ओईमध्ये इन्व्हेस्टमेंट का मराठी का राज्यशास्त्र?

सायंकाळची_लोकल:
ओई २२ मधले दोन क्रेडिट, त्यावर रात्र जागू नको. सायन्सवाल्यांना दुसऱ्या फॅकल्टीचंच घ्यावं लागतं. एमपीएससी डोक्यात असेल तर राज्यशास्त्र, नसेल तर इन्व्हेस्टमेंट. पण आधी लेक्चर कधी आहे ते बघ, काही कॉलेजांत ओईचे तास सकाळी सातला लावतात, दौंडवरून तुला झेपणार नाही.

तिसरा_बेंच:
आणि एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) डिजिलॉकरवरून आजच काढ. आधारवरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव एकच आहे ना बघ, स्पेलिंग वेगळं असेल तर आधी ते दुरुस्तीला टाक. आमच्या वर्गात अर्ध्यांचे क्रेडिट त्याच्यामुळे लटकले होते.

अपडाऊन_दौंड:
आधारवर वडिलांचं नाव नाहीये, मार्कशीटवर आहे. ते चालतं का?