ती पट्टी देखावा नाही

'विमानतळावर तपासणीत हातावर, बॅगेवर कापडी पट्टी फिरवतात तो निव्वळ देखावा,' असं म्हणतात, ते पटलं नाही बाप्पा. पट्टी यंत्रात तापवतात, तिच्यावरच्या कणांची वाफ होऊन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, बनतात अन् ते किती वेगानं सरकतात त्यावरून स्फोटक पदार्थ ओळखतात. सारं काही सेकंदांत.

बोंडं भरायच्या वेळी कपाशीवर १३-०-४५ खत फवारलं अन् तीच थैली घेऊन विमानतळ गाठलं. यंत्र कोकललं! १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बंदुकीच्या काळ्या दारूतला सोरा तोच. जवानानं थैली पालथी केली: तिळाचे लाडू, टॉवेल अन् शिवणीत अडकलेली पांढरी भुकटी. 'साहेब, खत आहे हो,' सांगता सांगता घाम फुटला.

बॅगा तपासायचा सीटी स्कॅनर आतल्या वस्तूंची घनता सगळ्या बाजूंनी पाहतो, म्हणून तिथं सहसा लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही. पण चिमूटभर भुकटी सापडते ती पट्टीलाच. आता प्रवासाची थैली वेगळी ठेवतो, खुंटीला, फवारणी पंपापासून लांब.