हायवेवरच्या हॉटेलला परमिट रूमचं लायसन काढावं का?

शेतातला_हॉटेलवाला: मंडळी, स्टेट हायवेला लागून आमचं फॅमिली रेस्टॉरंट आहे, जेवण चांगलं चालतं पण संध्याकाळी गिऱ्हाईक "बसायची सोय आहे का" (म्हणजे दारू प्यायची) विचारतं आणि नाही म्हटलं की गाडी पुढं काढतं. भाऊ म्हणतो एफएल थ्री, म्हणजे परमिट रूमचं लायसन, काढू. हद्द ग्रामपंचायतीची, लोकसंख्या वीस हजारांच्या आत. कुणाला अनुभव?

पाटील_नगर: आधी अंतर बघ, बाकी सगळं नंतर. डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली, मग तुझ्यासारख्या छोट्या गावांना २२० मीटर केलं. नगरपालिका हद्दीतल्यांना जुलै २०१७ ला मोकळीक मिळाली, ग्रामपंचायतींचं २०१८ ला राज्य सरकारवर सोडलं. त्यामुळे एक्साईजच्या (राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या) जिल्हा ऑफिसातून लेखी घे, एजंटच्या "होऊन जाईल साहेब"वर फर्निचरला पैसे घालू नकोस.

परमिटरूम_पुणे: लायसन मिळेलही दादा, पण चालवणार कसं? फी लोकसंख्येवर ठरते आणि धंदा होवो न होवो भरावीच लागते. परमिट रूमचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ ला ५ चा १० टक्के झाला, २०२५ ला फी १५ टक्के वाढली, वर जूनमध्ये भारतात बनणाऱ्या विदेशी दारूची एक्साईज ड्युटी निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेली. १४ जुलैला 'आहार' या हॉटेलवाल्यांच्या संघटनेने बंद पुकारला तो उगाच नाही. तीच क्वार्टर वाईन शॉपमधून घेतली की हा १० टक्के लागत नाही, मग माणसं बाटली घेऊन गाडीतच बसतात आणि आम्ही आचारी वेटर सगळ्यांचे पगार देत रिकामी टेबलं पुसतो. नियम पाळणाऱ्याचाच गळा धरलाय, सरळ अन्याय आहे हा.

सुनंदाताई: दादा, घरातल्या आणि गावातल्या बायकांना विचारलंत का? आमच्या शेजारच्या गावात आडवी बाटलीचं, म्हणजे दारू दुकान बंद करायचं, मतदान झालं, निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीला मत दिलं आणि दुकान बंद झालं. फॅमिली गिऱ्हाईकावर तुमचं हॉटेल उभं आहे, ते तुटलं तर परत येत नाही.

शेतातला_हॉटेलवाला: ताई, पटतंय, आईही तेच म्हणते. पाटील, दार मागच्या सर्व्हिस रोडकडून काढलं तर अंतर सुटेल का?

पाटील_नगर: नाही रे. कोर्टाने हायवेच्या किंवा त्याच्या सर्व्हिस रोडच्या बाहेरच्या कडेपासून मोजायला सांगितलंय, दार फिरवून काही होत नाही.