सांगलीत दिवाळीला सगळे मित्र जमतात पण गप्पाच होत नाहीत, तुमच्यात काय करता?

पेठनाका_पार:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा रिकामटेकडा आहे, वेळ असेल तरच वाचा. मी मूळचा सांगलीचा, गावभागातला, आता बरीच वर्षं पुण्यात. कॉलेजपासूनचा ग्रुप आहे, दोघं अजून सांगलीतच, एक बंगळूरला आणि बाकीचे आम्ही पुण्यात सिंहगड रोड ते वाकड असे विखुरलेले, म्हणजे एकाच शहरात असून आमची भेट व्हायची तर सांगलीतच, दिवाळीत.

पूर्वी कसं होतं ते सांगतो म्हणजे प्रश्न कळेल. संध्याकाळ झाली की कुणी कुणाला बोलवायचं नाही. सायकल काढायची आणि सरकारी घाट गाठायचा, कोण ना कोण पायऱ्यांवर असणारच. खिशात पैसे नसायचे त्यामुळं एक भडंगाचा पुडा, त्यात कांदा चिरून लिंबू पिळून पेपरवर पसरायचं आणि शेंगदाणे कोण वेचून खातंय यावर भांडायचं. अंधार पडला की कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून चालत पलीकडं सांगलीवाडी आणि तसंच परत, का जायचं तर काही नाही, जायचं. पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं की आख्खं गाव पुलावर, आणि प्रत्येकजण इरिगेशनचा इंजिनिअर, 'आज पस्तीस फूट, उद्या चाळीस लागतंय बघ', आम्ही त्यावर वडापावच्या पैजा लावायचो.

आता काय होतं, दसऱ्यापासून व्हॉट्सॲपवर पोल सुरू. कुठं, किती वाजता, व्हेज का नॉनव्हेज. शेवटी मिरज रोडच्या कुठल्यातरी हॉटेलात टेबल. पहिला अर्धा तास फ्लॅटचे रेट, मग पोरांचे क्लास, मग कुणाची शुगर किती. मग तेच ठरलेले किस्से (सांगत बसत नाही, प्रत्येक ग्रुपात सारखेच असतात, एक मास्तर, एक पोरगी आणि एक रात्री बंद पडलेली एम-एटी गाडी). ते संपले की मोबाईल बाहेर. मागच्या दिवाळीत साडेनऊला एकजण म्हणाला निघूया का, तर सगळ्यांना बरं वाटलं हो, तोंडावर दिसत होतं.

तर तुम्ही लोक काय करता? पत्ते, ट्रेक, क्रिकेट? का सोडून द्यायचं? आणि एक शंका आहे ती पण विचारून टाकतो. आपण मोठे झालो म्हणून बोलायचं संपलं, का तेव्हाही बोलण्यासारखं काही नव्हतंच आणि आपल्याला पत्ता नव्हता?

भडंग_जादा_तिखट:

पहिलं ते हॉटेल बंद करा. हॉटेलात माणसं समोरासमोर बसतात आणि समोरासमोर बसलं की मुलाखत सुरू होते. हाताला काम पाहिजे.

आम्ही थंडीत वांगी पार्टी करतो, एकाचं नदीकाठचं मळीचं रान आहे भिलवडीकडं. पुण्याच्या मॉलमधल्या वांग्याचं नाव काढू नका, कृष्णाकाठचं वांगं पाहिजे. आणि जाळाला पाचट घेऊ नका, भसकन पेटतंय आणि विझतंय, वांगं वरनं काळं आत कच्चं. तुरकाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, नाहीतर गोवऱ्या. वांगं फुटून आतलं पाणी निखाऱ्यावर चरचरायला लागलं की काढायचं, आणि मग पाण्याच्या तांब्यात बोटं बुडवत बुडवत साल काढायची, तेवढ्यात चटके बसून निम्म्यांच्या तोंडातून कॉलेजची भाषा बाहेर येते. मीठ, हिरवी मिरची, कूट, वरनं कच्चं शेंगतेल. ज्वारीच्या भाकरी घरनं बांधून आणायच्या, तिथं थापायचा शहाणपणा करायचा नाही.

आमच्यातला एक बँकेत मोठा साहेब आहे. गेल्या खेपेला तो तासभर नुसता कांदे चिरत बसला होता आणि चिरता चिरता खाली मान घालूनच बोलला की नोकरी सोडायचा विचार चाललाय. टेबलावर बोलला असता का? मला नाही वाटत.

घाटाजवळचा:

मी तुमच्या ग्रुपातला न्हवं, पण आमच्या ग्रुपात 'सांगलीतच राहिलेला' म्हणजे मी. तर त्या बाजूनं दोन शब्द, राग मानू नका भावा.

तुम्ही येताय तेव्हा एक यादी घेऊन येताय. तो वडा खायचा, त्या पायरीवर बसायचं, तिथं फोटो काढायचा. आणि आल्या आल्या पहिलं वाक्य, 'अरे हे दुकान कुठं गेलं?' दुकान जाऊन वर्षं झाली, मी त्या मालकाच्या मयताला जाऊन आलोय. तुम्हाला गाव जसं सोडलं तसं झाकून ठेवल्यागत पाहिजे असतंय, आणि त्यात आम्ही पण आलो. मी जरा कुठं म्हटलं की आता मला भडंगानं ॲसिडिटी होते की लगेच 'बदललास लेका'. तू पुण्यात बदललास तर प्रगती, मी हितं बदललो तर बदललास लेका, असं का?

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. चाळीस म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे तर शाळेतल्या पोराला पण पाठ आहे, पण तवा सगळेच अंदाज चुकले. आमच्याकडं असं समजायचे की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, ही बुडायची ठिकाणं, आपल्याला काय नाही होत. मारुती चौकात होड्या चालल्या. दुकानातला माल मी आधी माळ्यावर चढवला होता, २००५ च्या पुराच्या खुणेच्या वर हातभर. माळ्यावर पण पाणी आलं. त्यावेळी आमच्या ग्रुपवर पुण्याची मंडळी पुलाचे जुने फोटो टाकत होती, बालपण वाहून चाललं वगैरे. प्रेमानंच टाकत होती, मला माहिताय. पण मी गाळ काढत होतो. पाणी उतरल्यावर तो गाळ फावड्याला चिकटून बसतो, झटकला तरी सुटत नाही, आणि वास तर महिनाभर हटत नाही. त्यानंतर दिवाळीत भेटलो आणि हॉटेलात कुणीतरी म्हणालं, 'पुरात लई मजा यायची नाय रे आपल्याला', मी म्हटलं हो. काय बोलणार?

आता चांगलं सांगतो. मागच्या जून महिन्यात त्यातलाच एकजण वडलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आला होता, सण न्हाई काय न्हाई. दुपारी सहज दुकानात आला, माझं प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे, स्टुलावर बसला. मध्ये गिऱ्हाईक यायचं, मी एल्बो, टी, सोल्युशनची डबी काढून द्यायचो, तोवर तो गप्प. गिऱ्हाईक गेलं की परत सुरू. एका कारागिरानं पाऊण इंचाचा नळ मागितला तर यानंच उठून खोक्यातून काढून दिला, चुकीचा दिला ते सोडा. पाचला चहा आला, सातला गेला. काय बोललो आठवत पण नाही आता सगळं, पण त्याला पहिल्यांदा माझं दुकान कसं चालतं ते कळलं आणि मला कळलं की त्याची आई गेल्यापासून वडील त्याच्याशी बोलत नाहीत. वीस वर्षांच्या दिवाळ्यांत हे निघालं नव्हतं.

तर तुमच्या त्या दोघा सांगलीवाल्यांना एकदा विचारा की त्यांची संध्याकाळ आता कशी जाते. आणि दिवाळी सोडून या. दिवाळीत दुकानदाराला कुठं वेळ असतोय हो, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुम्ही पार्टी ठेवताय.

आमराईतली_चक्कर:

दादांनो, सगळं वाचलं. आता आमचं पण ऐका. घाट, कट्टा, पुलावरच्या चकरा, हे सगळं तुमचं. आम्हा पोरींना संध्याकाळी सातच्या आत घरात, आणि घाटावर दहा मिनिटं जास्त थांबलं तर आपण पोचायच्या आधी बातमी घरी पोचलेली. आमचा आधार म्हणजे गणपती मंदिर. 'संकष्टी आहे, मंदिरात जाऊन येते' म्हटलं की कोण अडवणार? प्रदक्षिणेच्या निमित्तानं काय काय बोलून घ्यायचो, देवाला माहीत. संस्थानच्या गणपतीचं पाचव्या दिवशी विसर्जन असतं ना, त्या मिरवणुकीच्या गर्दीत तर आम्हाला दोन तास मोकळे मिळायचे, वर्षातली तेवढीच सुट्टी समजा.

मग लग्नं झाली आणि सगळ्या पांगल्या. तुमचं निदान 'दिवाळीत भेटू' असतं, आमची दिवाळी म्हणजे फराळ, सासर, माहेर, पाहुणे. माहेरी आलं तरी भाऊबीज करून संध्याकाळची गाडी.

पण गंमत अशी की मी लग्न होऊन सांगलीतच राहिले, विश्रामबागला, आणि आता पंचेचाळिशी आल्यावर कुठं माझा कट्टा सुरू झालाय. सकाळी आमराईत चालायला जाते, तिथं ओळख झालेल्या आम्ही काहीजणी. एक शिक्षिका, एकीची पिठाची गिरणी, एक डॉक्टरीण, एक नुकतीच रिटायर झालेली. कुणी कुणाला लहानपणी बघितलेलं नाही त्यामुळं जुने किस्से नाहीतच, सगळं ताजं. गिरणीवाली अशी नक्कल करते की चालणं थांबतं. परवा आम्ही सगळ्या मिळून मिरजेला विसर्जन मिरवणुकीच्या स्वागत कमानी बघायला गेलो, रात्री बारापर्यंत रस्त्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. नवऱ्यानं फोन केला तर उचललाच नाही, आवाजच एवढा होता (आणि उचलायचा पण नव्हता).

म्हणून तुमचं 'मोठे झालो आणि संपलं' हे मला पटत नाही. तुमचं अठराव्या वर्षी होऊन गेलं, आमचं आत्ता चाललंय.

पेठनाका_पार:

सगळ्यांचे आभार. घाटाजवळचे दादा, तुमचा रिप्लाय वाचून आमच्या सांगलीतल्या एकाला आत्ताच फोन केला. तुझी संध्याकाळ कशी जाते म्हटलं, तर तो आधी म्हणाला, 'का रे, बरा आहेस ना? कर्ज पाहिजे का?' मग बोलला. संध्याकाळी आईला डायलिसिसला घेऊन जातो म्हणे, आठवड्यातले ठरलेले दिवस मिरजेला, बाकीचे दिवस झोप. ग्रुपवर याचा एक शब्द नाही, तिथं तो फक्त गुड मॉर्निंगचं फूल टाकतो. मी त्याला पोलमध्ये 'व्हेज की नॉनव्हेज' विचारत होतो.

ताई, तुमचं खरंय, आमच्या घाटावर एक पण मुलगी नसायची आणि ते आम्हाला कधी वेगळं वाटलं पण नाही.

संगमावरचा_बाक:

मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा, सत्तरीच्या पुढचा, त्यामुळं अरेतुरे करतो. तू ज्या पोरांची आठवण काढतोयस ना, घाटावर भडंग खात बसलेली, त्यांना आम्ही रिकामटेकडी कार्टी म्हणायचो. आमचं खरं म्हणजे पोहणं. पाठीला डबा बांधून बापानं ढकलून द्यायचं, आठवड्याभरात डबा सुटायचा आणि मग मुटके. हरिपूरला संगमावर वारणेचं पाणी येऊन मिळतं तिथं ओढ कुठं आहे हे आम्हाला पायाला कळायचं. आता नातवाला घेऊन गेलो तर तो विचारतो आजोबा मगर आहे का. आहे की, भिलवडी-औदुंबरच्या अंगाला दिसतेच, खोटं कसं सांगू. त्याला विश्रामबागच्या टँकवर घातलाय. छान पोहतो, माझ्यापेक्षा स्टाइल चांगली आहे, पण बाहेर आला की शॅम्पू मागतो.

आम्ही अजून संध्याकाळी संगमेश्वराला जातो. आधी बाक पुरायचा नाही, आता पुरतो. एकाची हळदीची पेवं होती, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि हळद गेली, पेवं गेली, तरी तो रोज यायचा आणि त्याच जागेवर बसून त्याच पेवांबद्दल बोलायचा. ऐकून ऐकून आम्हाला पाठ. मागच्या वर्षी तो गेला. आता आमच्यातला दुसरा एकजण तेच सगळं सांगतो, जसं काही पेवं याचीच होती, आणि आम्ही ऐकतो.

तुझी शंका होती ना, तेव्हाही बोलण्यासारखं काही नव्हतं का. नव्हतंच रे. आम्ही तासन्‌तास काय बोलायचो? म्हशी, सिनेमा, कुस्ती, कोण पास कोण नापास. तुला आता वाटतंय की भेटलं की काहीतरी मोलाचं निघालं पाहिजे, कारण पुण्यातनं डिझेल जाळून आलायस. आमच्यात निम्मा वेळ कुणीच बोलत नाही, एकाला तर ऐकूच येत नाही.

आणि तारीखच ठरवायची असेल तर दिवाळी सोड आणि ५ नोव्हेंबर धर. १८४३ साली त्या दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं म्हणून तो रंगभूमी दिन, इथं दरवर्षी भावे पदकाचा कार्यक्रम असतो. आम्ही दोन-तीन म्हातारे न चुकता जातो. भाषणं लांबली की एक डुलकी होते, मग बाहेर येऊन चहा.

भडंग_जादा_तिखट:

काका, ५ नोव्हेंबरला वांगी अजून म्हणावी तशी येत नाहीत हो, डिसेंबर उजाडू दे.

घाटाजवळचा:

डिसेंबर चालतंय, लग्नसराईचं काम असतंय पण संध्याकाळी दुकान पोरावर टाकतो. पुण्यावाले, तुमच्या त्या मित्राला डायलिसिस नसलेला वार विचारून घ्या आधी, त्यावर ठरवू. पोल टाकू नका फक्त.

पेठनाका_पार:

विचारतो. भाकरी माझ्या आईकडनं. तुरकाट्या कुठं मिळतात पण?

भडंग_जादा_तिखट:

गावभागातला ना रे तू? ये, दावतो.