कॅरव्हॅनला एसी: छतावरचा, घरातला की नुसता पंखा?

पेठेतली भटकी: जुन्या ट्रॅव्हलरची कॅरव्हॅन करून घेतेय. भोसरीत काम चालू आहे, फर्निचर झालं, आता एसीवर घोडं अडलंय. फॅब्रिकेटर म्हणतो, छतावरचा 13,500 बीटीयूचा, म्हणजे 1 टनाहून जरा मोठा, टाका. मला घरातला 1 टनी इन्व्हर्टर स्प्लिट बरा वाटतो. छतावरचा कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत दीड किलोवॅटच्या आसपास ओढतो. इन्व्हर्टरवाला गाडी गार झाली की 400-500 वॅटवर येतो. माझी 24 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे 5 युनिट. पहिला सलग चालला तर तीन तासांत ती झोपवेल, दुसऱ्यावर रात्र निघेल. शिवाय बिघडला तर गल्लीतला एसीवालाही बघेल. चुकत असेन तर सांगा.

गंजलेला नट: चुकताय. स्प्लिट भिंतीसाठी असतो, हो. मी बसवला होता. पहिल्याच ट्रिपला ताम्हिणी उतरून माणगावला पोचलो तर नुसता वारा. पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटापाशी तेलाचा ओला डाग, म्हणजे गॅस गेलेला. भरून घेतला, दोन ट्रिपांनी पुन्हा तेच. आउटडोअर युनिट मागच्या बंपरवर होता, त्याच्या फिन्स लाल चिखलाने लिंपल्यासारख्या झालेल्या. आणि नव्या स्प्लिटमध्ये बहुतेक आर-32 गॅस असतो, थोडाफार पेट घेणारा. तो झोपायच्या जागेत गळायला नको. छतावरची पेटी एकसंध, जोड कारखान्यातच ब्रेझ केलेले. वीज जास्त खाते, मान्य. मुक्कामाला 16 अँपिअरचा प्लग शोधायचा.

पेठेतली भटकी: प्लगच शोधायचा तर हॉटेलातच नाही का राहणार?

वायरमन: भांडण एसीचं नाहीच, पत्र्याचं आहे. उन्हात तापलेलं छत रात्री नऊपर्यंत आत आग ओकतं. आधी 25 मिमीचा नायट्राइल फोम लावा, आणि पत्र्यामागच्या लोखंडी पट्ट्यांवरून, म्हणजे रिब्सवरूनही न्या. सगळे तिथेच कंजुषी करतात आणि उष्णता नेमकी तिथून आत येते. काचांचे चंदेरी पडदे बाहेरून लावा. आतून लावले तर ऊन काच ओलांडून आलेलंच असतं.

दुसरं, 540 वॅटचं सोलर पॅनेल सव्वादोन मीटर लांब असतं. छतावर एसीची पेटी बसली की दोनाच्या जागी एकच मावणार. पॅनेल छतापासून तीन-चार इंच उचलून बसवलं तर सावली फुकट मिळते, ती कोणी हिशेबात धरत नाही. म्हणून या एका मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूने.

वाळ्याचा पडदा: पुण्यात राहून एसी? एप्रिलच्या दुपारी पारा 40 पर्यंत जातो, पण पहाटे 20-22 ला उतरतो. छतात 12 व्होल्टचा एक्झॉस्ट फॅन, खिडकीला ओला वाळा. 40 वॅटमध्ये काम फत्ते.

पेठेतली भटकी: अहो काका, पुण्यात झोपायला घर आहे की! मला मे महिन्यात तारकर्लीला जायचंय, 74 वर्षांच्या सासूबाईंना घेऊन. तिथल्या दमट हवेत वाळ्यातलं पाणी उडणार कुठे? उलट गादी ओली होईल.

वाळ्याचा पडदा: मग मेमध्ये महाबळेश्वरला जा.

गंजलेला नट: ट्रकवाल्यांचा 24 व्होल्टचा पार्किंग एसी कोणी वापरलाय का? बॅटरीवर थेट चालतो, बॅटरीची वीज घरगुती विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वाचते.

वायरमन: वाचते, साधारण दहा टक्के. पण तो बसवणारा आणि नंतर दुरुस्त करणारा आधी शोधून ठेवा. आणि काहीही बसवा, गाडीची दारं-खिडक्या लावून झोपताना इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पेठेतली भटकी: फोम उद्याच सांगते, रिब्ससकट. एसी मात्र स्प्लिटच. आउटडोअर रबरी बुशवर, मधे थोडा लवचीक होज, चिखलाला जाळी.

गंजलेला नट: होजलाही दोन टोकं असतात, ताई. ताम्हिणी उतरलात की दोन्ही नटांना साबणाचं पाणी लावा आणि बुडबुड्यांचा फोटो इथे टाका.