तीन तासांत अमेरिका?

ताई: तिकीट झालं! लंडन ते सॅन फ्रान्सिस्को, थेट. सकाळी ११:१५ ला सुटतं, दुपारी २:१५ ला पोचतं.

आजी: तीन तासांत अमेरिका? बरं झालं बाई.

ताई: आजी, अकरा तास गं! तिथलं घड्याळ लंडनच्या आठ तास मागे आहे.

मामा: आई, तिकिटावर सुटायची वेळ सुटल्या गावची आणि पोचायची वेळ पोचल्या गावची असते.

मावशी: आणि परतीचं?

ताई: दुपारी ४:३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०:४५.

मावशी: बाप रे, सव्वाअठरा तास!

दादा: मावशी, आता आठ वजा कर. सव्वादहा.

मावशी: केले. तरी जाण्यापेक्षा पाऊण तास कमीच भरतात. अंतर तेच ना?

मामा: सोपं आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, ती विमानाला ढकलते.

दादा: मामा, नाही हो. पृथ्वी खालून सरकत असती तर उलटंच झालं असतं, सॅन फ्रान्सिस्कोच विमानाकडे चालत आलं असतं. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. खरी करामत जेट स्ट्रीमची. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे हा वारा इतका जोरात होता की ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी सहा तासांच्या वर लागतात.

मामा: बरं. पण ढकलतं कोणीतरी, एवढं तरी माझं बरोबर होतं.

ताई: मार्गाचा फोटो टाकलाय, बघा.

मावशी: अगं, हे ग्रीनलंडवरून कुठे निघालं? सरळ पश्चिमेला जायचं सोडून एवढा वळसा? तेल फुकट जातं की काय यांचं?

दादा: वळसा नकाशात आहे, आकाशात नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की उत्तरेकडचा भाग ताणला जातो. तिथे पृथ्वीचा घेर लहान आहे, पण कागदावर विषुववृत्ताएवढाच रुंद दिसतो. ग्रीनलंडवरून साधारण ८,६०० किलोमीटर पडतात. नकाशावर पट्टी ठेवून मारलेल्या रेघेवरून गेलं तर ९,७०० च्या आसपास.

मावशी: अकराशेचा फरक? पटत नाही.

मामा: पृथ्वीचा गोल घे आणि दोन्ही गावांमध्ये दोरा ताणून धर.

(वीस मिनिटांनी)

मावशी: धरला. मेला आपोआप वर सरकतोय.

दादा: मात्र विमान रोज त्या दोऱ्यावरूनच जातं असं नाही. वारा बघून मार्ग थोडा इकडेतिकडे करतात.

आजी: ते दोऱ्याचं राहू दे. दुपारी सव्वादोनला उतरशील तेव्हा लंडनमध्ये किती वाजलेले असतील?

ताई: रात्रीचे सव्वादहा.

आजी: म्हणजे तुझी झोपायची वेळ. मग उतरल्यावर नुसता मेसेज टाक, झोप काढ आणि उठलीस की फोन कर.