एजंटच्या टूलचे वर्णन: जवळच्या दोन टूलमधला फरक नेमका कुठे लिहावा?

नमस्कार,

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील एका गूळ अडत दुकानासाठी मी एआय एजंट तयार करीत आहे. शेतकरी, गुऱ्हाळमालक किंवा दुकानाचे दिवाणजी मोबाइलवरून मराठीत प्रश्न विचारतात आणि एजंट दुकानाच्या हिशोबाच्या प्रणालीतून उत्तर काढून देतो. मुख्य टूल, म्हणजे एजंटला गरजेप्रमाणे चालवता येणारी प्रणालीतली फंक्शने, तीन आहेत: ‘दर_बघा’, ‘पट्टी_शोधा’ आणि ‘पट्टी_रद्द’. (प्रत्यक्षात ही नावे रोमन अक्षरांत आहेत, कारण बहुतेक सेवांना टूलच्या नावात तीच चालतात.)

अडचण पहिल्या दोन टूलमध्ये आहे. ‘दर_बघा’ हे त्या दिवशी यार्डात झालेल्या सौद्यांचा किमान, कमाल आणि सरासरी दर देते. ‘पट्टी_शोधा’ हे एका ठरावीक शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशोबाच्या कागदातून) त्याच्या मालाला मिळालेला दर आणि हमाली, तोलाई वगैरे वजा जाता त्याच्या हाती पडणारी रक्कम देते. शेतकऱ्याने ‘काल आमच्या गुळाला काय दर लागला?’ असे विचारले, की त्याला स्वतःच्या पट्टीची माहिती हवी असते, पण एजंट पुष्कळदा ‘दर_बघा’ चालवून बाजाराची सरासरी सांगतो. उत्तर सफाईदार असते, आकडा त्या दिवसाचा खराच असतो, त्यामुळे ते चुकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ज्याचे वर्षभराचे पैसे त्या पट्टीत आहेत, त्याच्या बाबतीत हे मला अजिबात चालण्यासारखे वाटत नाही.

सध्याची वर्णने एकेका ओळीची आहेत: ‘गुळाचा दर देते’ आणि ‘पट्टीची माहिती देते’. एजंटमागच्या भाषा मॉडेलला टूलच्या आतला कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा (टूलला पुरवायच्या माहितीचा) स्कीमा म्हणजे आराखडा, एवढ्यावरच त्याला निवड करावी लागते. नव्या दिवाणजीला शंका आली तर तो शेजारच्या गादीवर विचारून घेतो, मॉडेलला ती सोय नाही. म्हणून ‘दर_बघा’चे वर्णन मी पुढीलप्रमाणे नव्याने लिहिले आहे:

‘दिलेल्या तारखेला यार्डात झालेल्या सर्व गूळ सौद्यांचा किमान, कमाल व सरासरी दर, रुपये प्रति क्विंटल, देते. बाजाराचा सर्वसाधारण दर विचारला असेल तेव्हाच वापरावे. विचारणारा स्वतःच्या मालाबद्दल बोलत असेल (आमचा गूळ, माझी पट्टी, आमचे किती झाले) तर हे वापरू नये, पट्टी_शोधा वापरावे. त्या तारखेला सौदे झाले नसतील तर रिकामी यादी येते. अशा वेळी आदल्या दिवसाचा दर आपणहून सांगू नये.’

‘कधी वापरू नये’ हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. क्लॉड मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रोपिक कंपनीच्या मार्गदर्शनातही प्रत्येक टूलसाठी किमान तीन-चार वाक्ये लिहावीत आणि टूल कधी वापरू नये हेही त्यात सांगावे, असे सुचवले आहे. मात्र प्रत्येक टूलची व्याख्या दर विनंतीबरोबर मॉडेलकडे जाते आणि टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर खर्च मोजला जातो) खाते. त्यातही देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा साधारणपणे जास्त टोकन लागतात.

पॅरामीटरचेही तसेच आहे. ‘वजन’ असे नुसते नाव दिल्यावर मॉडेल कधी क्विंटल देते, कधी रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या; आणि रवा तीस किलोचा असतो तसा दहा किंवा पाच किलोचाही असतो. आता तेथे ‘वजन_किलो’ असे नाव दिले आहे आणि रव्याचा आकार ठरावीक पर्यायांतूनच निवडावा लागतो. हा भाग सुटला आहे.

जाणकारांकडून मला पुढील बाबतींत मदत हवी आहे. दोन टूलमधला फरक दोन्ही वर्णनांत लिहावा, की एकदाच सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये (एजंटला सुरुवातीला दिलेल्या कायम सूचनांत)? माझा कल वर्णनाकडे आहे, कारण उद्या हीच टूल एमसीपीमार्फत (एजंटला टूल जोडण्याच्या सामायिक पद्धतीने) दुसऱ्या एजंटला जोडली तर माझा प्रॉम्प्ट त्याच्याबरोबर जाणार नाही. वर्णने इंग्रजीत ठेवून फक्त शेतकऱ्यांच्या बोलण्यातली उदाहरणे मराठीत दिली, तर निवडीत फरक पडतो का, हे कोणी तपासून पाहिले आहे का? की ही दोन टूल एकत्र करून शेतकऱ्याचा खाते क्रमांक हा ऐच्छिक पॅरामीटर ठेवणे अधिक बरे? त्यात मला धोका दिसतो, कारण क्रमांक गाळला गेला की पुन्हा सरासरीच मिळणार.

‘पट्टी_रद्द’बद्दल प्रश्न नाही; तेथे वर्णनातल्या सूचनेवर न विसंबता दिवाणजींची संमती कोडमध्येच सक्तीची केली आहे.

वर्णन बदलल्यावर निवड खरोखर सुधारली की नाही, हे तपासण्यासाठी दिवाणजींच्या मदतीने शेतकऱ्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत गोळा करीत आहे आणि प्रत्येकापुढे अपेक्षित टूल लिहून ठेवीत आहे. अशा संचात दोन्ही अर्थ निघणारे प्रश्न किती प्रमाणात असावेत, आणि तेथे एजंटने उलट प्रश्न विचारणे हेच योग्य उत्तर धरावे का, हे कृपया अनुभवाने सांगावे. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांपूर्वी हे दुकानात सुरू करायचे आहे.