खोल समुद्रातील प्रवाळांचा अभ्यास नागपूरकरांनी का करावा?

सीताबर्डीकर
माझी भाची रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली असून खोल समुद्रातील प्रवाळांवर रासायनिक प्रदूषणाचा काय परिणाम होतो, यावर तिला संशोधन करायचे आहे. अंबाझरी तलावातल्या बोटीतही जिला मळमळते, तिने हे करावे, हा भाग सोडा. ज्या शहरात नाग नदीला नदी म्हणताना जीभ अडखळते, तेथील हुशार मुलांनी आधी घरचे पाणी तपासावे, असे माझे मत आहे. केंद्राने २०२१ मध्ये खोल समुद्र मोहिमेला ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हाही मला हाच प्रश्न पडला होता.

कन्हानकाठ
आपल्या मताशी मी असहमत आहे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात समुद्रतळात तेलविहीर खोदणाऱ्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या मंचावर स्फोट झाला आणि विहिरीतून तेल समुद्रात पसरले. त्या विहिरीपासून ११ किलोमीटरवर, सुमारे १,३७० मीटर खोलीवर, तपकिरी थराखाली गुदमरलेले प्रवाळ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सापडले आणि बहुतेक वसाहतींवर इजेच्या खुणा होत्या. या प्रवाळांना सूर्यप्रकाश मिळत नाही. वरून झरणारे सेंद्रिय कण हेच त्यांचे अन्न असते, आणि तेल त्या कणांना चिकटले की विष अन्नाच्याच वाटेने येते. तवंग फोडण्यासाठी विहिरीच्या तोंडाशी सात लाख गॅलनांहून अधिक रसायन सोडले गेले होते. पुढे प्रयोगशाळेत केलेल्या चाचण्यांत खोल समुद्रातील प्रवाळांना तेलापेक्षा असे रसायनच अधिक घातक ठरले. उपाय म्हणून जे ओतले त्याचीच ही गत, हे अभ्यासाशिवाय कळले असते का?

सीताबर्डीकर
कळले, पण प्रवाळ वाचले का? इतक्या खोलीवर कोणी झाडू मारायला जात नाही. आपला दाखला पंचनाम्याचा आहे, उपचाराचा नव्हे.

महालकर
पंचनाम्यासाठीसुद्धा आधीची स्थिती ठाऊक असावी लागते. हवाईजवळील एका काळ्या प्रवाळाचे वय ४,००० वर्षांहून अधिक निघाले आहे. अशा जिवांच्या बाबतीत ‘नंतर पाहू’ याला अर्थ उरत नाही. आपल्या देशाच्या खोल समुद्र मोहिमेत समुद्रतळावरील खनिजांचा शोधही आहे, म्हणून उत्खननाआधी तेथील प्रवाळांच्या ठरावीक वसाहतींची छायाचित्रे आणि नमुने वर्षानुवर्षे घ्यायला हवेत. शिवाय नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेशी मिळून प्राणहितेला आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. मग आपले सांडपाणी बंगालच्या उपसागराला परके कसे?

सीताबर्डीकर
नद्यांची साखळी खरी आहे, पण नागचे पाणी प्रवाळांपर्यंत पोहोचते, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. तो मोजमापाचा विषय आहे. उत्खननाआधी नोंदी असाव्यात, हे मात्र मला पटले. तरीही पाण्यातील अत्यल्प रसायने ओळखण्याचा हात तिने नागच्या नमुन्यांवरच बसवावा, हे माझे म्हणणे कायम आहे.

कन्हानकाठ
त्याला माझी हरकत कधीच नव्हती. हरकत होती ती ‘आधी’ या शब्दाला, कारण नाग स्वच्छ होईपर्यंत तिने थांबायचे म्हटले, तर तिची निवृत्ती जवळ येईल.